शित कुठून उचललंत?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की कुठलाही सर्व्हे वाचताना किती लोकांना विचारलं हे नंतर बघा, ते लोक आले कुठून हे आधी बघा. त्या एका ओळीवर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यातच गेलं. म्युच्युअल फंडाच्या सरासरीबद्दल विचारणारे दोघंतिघं आहेत, तुमचं पुढच्या महिन्यात, विसरलेलो नाही.

प्रश्न : सर नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे आणि नोकरी सांभाळून एमएड करतेय. ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल शिक्षकांना काय वाटतं हा माझा विषय. गूगल फॉर्म बनवून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, १४२ जणांनी भरला, बहुतेकांना प्रशिक्षण आवडलंय. तिसऱ्या प्रकरणात मी "नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला" असं लिहिलं तर गाइड मॅडमनी लाल पेनने गोल करून बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. मी तर कुणालाच मुद्दाम निवडलं नाही, जे आले ते घेतले, मग हे रँडम नाही का? आणि नसेल तर सगळं काम वाया गेलं का?

उत्तर : ताई, आधी पाणी प्या. काम वाया गेलेलं नाही, पण मॅडमचा लाल पेन बरोबर ठिकाणी थांबलाय.

सगळा गोंधळ शब्दाचा आहे. आपण बोलताना रँडम म्हणजे असंच, कुठलंही, सुचेल ते. संख्याशास्त्रात मात्र रँडमला भलतीच शिस्त लागते. तुमच्या स्टाफरूममध्ये भिशी असेलच. वीस जणींच्या वीस चिठ्ठ्या, सगळ्या एका मापाच्या, एकसारख्या घडीच्या, डबा खळखळ हलवायचा आणि कुणाच्या तरी लहान पोराला बोलावून एक उचलायला लावायची. बघा यात किती काळजी घेतलीय, यादी पूर्ण आहे, प्रत्येकीची एकच चिठ्ठी आहे, आणि उचलणाऱ्याला घडीच्या आत काय ते माहीत नाही. हे रँडम. आता समजा भिशी चालवणाऱ्या बाईंनी म्हटलं की चिठ्ठ्या नकोत, जी आधी दारातून आत येईल तिला या महिन्याचे पैसे, तर तुम्ही ऐकून घ्याल का? त्यांनी कुणाला मुद्दाम निवडलेलं नसलं तरी शाळेशेजारी राहणारीला दर महिन्याला भिशी लागेल.

तुमच्या फॉर्मचं तेच झालंय. तुम्ही निवडलं नाही म्हणजे कुणीच निवडलं नाही असं थोडंच आहे, ग्रुपने निवडलं, रेंजने निवडलं, रविवारी संध्याकाळी कोण मोकळं होतं त्याने निवडलं. याला पुस्तकात सोयीस्कर नमुना म्हणतात, काही पुस्तकांत प्रासंगिक नमुनाही लिहिलेलं असतं. नाशिकच्या माणसाला हे कांद्यावरून लगेच कळेल. लिलावात ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी ट्रॉलीच्या वरचा कांदा हातात घेतो, दोन उलटेपालटे करतो आणि बोली सुरू. मग तोच माल खळ्यावर खाली करताना तळाशी बारीक किंवा डागी निघाला की वांधा! वरचा कांदा खोटा नव्हता हो, तो त्याच ट्रॉलीतला होता, फक्त तो वर होता. सोयीचा नमुना म्हणजे वरचा कांदा, आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही, कधी कधी ट्रॉली खरंच एकसारखी भरलेली असते, पण ते तुम्हाला वरून कळत नाही एवढीच अडचण.

तुमच्या बाबतीत तर अडचण जरा जास्तच आहे, कारण विषय आहे ऑनलाइन प्रशिक्षण आणि फॉर्मही ऑनलाइन. म्हणजे जो मोबाइलवर लिंक उघडून पंचवीस प्रश्न न कंटाळता भरतो त्यालाच आपण विचारलं की मोबाइलवर शिकायला आवडतं का. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडीवर जाणारा गुरुजी, बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामात बुडालेल्या बाई, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले आणि लिंक दिसली की पुढे ढकलणारे, हे सगळे सुटले, आणि नेमकं त्यांचंच मत वेगळं असायची शक्यता आहे. नमुना रँडम नाही हा गुन्हा नाही, पण ज्या कारणाने लोक सुटले त्याच कारणाचा तुमच्या प्रश्नाच्या उत्तराशीही संबंध असला की आकडा वाकडा होतो. हा संबंध नसेल तर सोयीचा नमुनाही बऱ्यापैकी चालून जातो. उदाहरणार्थ याच १४२ जणांना तुम्ही रक्तगट विचारला असता तर मी काही म्हटलं नसतं.

अजून एक, तुम्ही मेलमध्ये लिहिलं नाहीये पण चौथ्या प्रकरणात एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधून टी-टेस्ट लावली असणार, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक नुसता योगायोग तर नाही ना याची चाचणी, आणि तिच्या पी व्हॅल्यू या आकड्यापुढे फरक खरा वाटतो म्हणून दोन चांदण्या काढल्या असणार. ते सगळं गणित चिठ्ठ्या टाकून नमुना काढलाय असं धरून चालतं. सोयीच्या नमुन्यावर कॉम्प्युटर तेच आकडे निमूटपणे काढून देतो, तो काही विचारत नाही की बाई माणसं कुठून आणली.

आता करायचं काय. महिनाभर वेळ असेल तर तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची, म्हणजे शाळांच्या गटांची, नावं चिठ्ठ्यांवर लिहा, खरोखरच्या चिठ्ठ्या, चार उचला, आणि त्या चार केंद्रांच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी जाऊन हजर असलेल्या सगळ्यांकडून कागदी प्रश्नावली भरून घ्या, गैरहजर होते त्यांना नंतर फोन करा. याला क्लस्टर सॅम्पलिंग म्हणतात, समूह नमुना, आणि हे घरचं डबा-पाणी सांभाळून होण्यासारखं आहे. वेळ नसेल तर आहे ते तसंच ठेवा, फक्त यादृच्छिक शब्द काढा आणि साधं लिहा की "अमुक ग्रुपवर प्रश्नावली पाठवली, ग्रुपमध्ये इतके सदस्य होते, १४२ जणांनी स्वतःहून प्रतिसाद दिला, इंटरनेट कमी वापरणारे शिक्षक यात कमी असण्याची शक्यता आहे, त्यामुळे निष्कर्ष या गटापुरते". व्हायवाला बाहेरचे परीक्षक हे वाक्य वाचतील आणि त्यांच्याकडचा सगळ्यात आवडता प्रश्न तिथेच संपेल.

प्रश्न : एका न्यूज पोर्टलच्या पोलवर दोन लाखांहून जास्त मतं पडली होती. तुम्ही लोक हजार जणांच्या सर्व्हेला शास्त्रीय म्हणता आणि दोन लाखांच्या पोलला टाइमपास. हे काही पटत नाही. शेवटी आकडा मोठा तेवढी चूक कमी, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, दोन लाखांचं काय घेऊन बसलात, मी तुम्हाला २४ लाखांची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाचं एक बडं साप्ताहिक होतं. ते दर अध्यक्षीय निवडणुकीला पोस्टाने मतं मागवायचं, आणि १९१६ पासून १९३२ पर्यंत पाचही वेळा त्यांनी विजेता बरोबर सांगितला होता, त्यामुळे त्यांची कॉलर ताठ. १९३६ ला एका बाजूला सत्तेवर असलेले डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन पक्षाचे, कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ लँडन. डायजेस्टने साधारण १ कोटी कार्डं पाठवली, पत्ते घेतले टेलिफोन डिरेक्टरीतून, मोटारींच्या नोंदणीतून वगैरे. त्यातली २४ लाखांच्या आसपास भरून परत आली. निकाल छापला की लँडन ५७, रूझवेल्ट ४३. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६१ टक्क्यांच्या जवळ मतं पडली, लँडननी ४८ पैकी दोनच राज्यं जिंकली, मेन आणि व्हरमाँट. म्हणजे १८ टक्क्यांची चूक! २४ लाख माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर चूक अर्ध्या टक्क्याच्याही खूप खाली राहिली असती. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं.

ही गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की मंदीच्या काळात फोन आणि गाडी श्रीमंतांकडे, श्रीमंत रूझवेल्टच्या विरोधात, म्हणून नमुना बिघडला. ते अर्धंच खरं आहे. पुढे १९८८ मध्ये जुन्या आकड्यांची परत तपासणी झाली तेव्हा असं दिसलं की कार्ड मिळालेल्या सगळ्यांनी जर ते परत पाठवलं असतं तर विजेता रूझवेल्टच दिसला असता. खरा घोळ परत पाठवणाऱ्यांत होता, ज्यांना सरकारचा राग होता त्यांनी तिकडे धावत जाऊन पोस्टात टाकलं आणि जे खूश होते त्यांनी कार्ड टेबलावर ठेवून दिलं. तुमच्या पोर्टलच्या पोलला हे जास्त लागू पडतं, कारण तिथे तर कार्डसुद्धा कुणी पाठवत नाही. ज्याचं डोकं तापलंय तो येतो, बटण दाबतो, लिंक आपल्या ग्रुपवर टाकतो, "सगळ्यांनी मत द्या रे".

त्याच वर्षी जॉर्ज गॅलप नावाच्या तेव्हा नवख्या माणसाने साधारण ५० हजार लोकांवरून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितलं. वर डायजेस्टचा निकाल काय लागेल हेही आधीच सांगून टाकलं, तेवढ्यासाठी त्याने डायजेस्टने वापरल्या तशाच याद्यांमधून ३ हजार माणसं घेतली होती. डायजेस्टच्या २४ लाखांत तेवढीच माहिती होती, बाकी सगळी पोस्टाची तिकिटं.

जुनं झालं म्हणाल तर अलीकडचं घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकवरून दर आठवड्याला साधारण अडीच लाख लोकांना विचारलं जायचं की कोविडची लस घेतली का, आणि मे महिन्यात तो आकडा खऱ्यापेक्षा १७ टक्के अंकांनी जास्त निघत होता. त्याच वेळी हजारेक लोकांच्या नीट निवडलेल्या पॅनेलचा सर्व्हे खऱ्याच्या बराच जवळ होता. ज्यांनी नंतर हे तपासलं त्यांनी गणित मांडलं की लसीच्या प्रश्नापुरती त्या अडीच लाखांची किंमत साध्या रँडम नमुन्यातल्या दहाएक माणसांइतकी. दहा! म्हणजे मोठ्या आकड्याने चूक कमी होत नाही, तुमचा चुकीवरचा विश्वास तेवढा वाढतो.

तरी वाकडा नमुना म्हणजे कचराच असं मी म्हणणार नाही. २०१२ च्या ओबामा-रॉम्नी निवडणुकीत काही संशोधकांनी एक्सबॉक्सवर गेम खेळणाऱ्यांना विचारलं होतं, त्यातले ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के तिशीच्या आतले, याहून वाकडं काय असणार. पण प्रत्येकाचं वय, लिंग, राज्य, मागच्या वेळी मत कुणाला, हे सगळं विचारून ठेवलं होतं, त्यावरून कमी आलेल्यांच्या मताला जास्त आणि जास्त आलेल्यांच्या मताला कमी अशी वजनं लावून लावून शेवटी अंदाज चांगला आला. वजन लावायला आधी माहिती लागते. पोर्टलच्या पोलकडे तुमच्या अंगठ्याच्या ठशापलीकडे काही नसतं.

प्रश्न : सर, मी कॉलेजच्या सुट्टीत एका रिसर्च एजन्सीचं फील्डचं काम केलं. टॅबमध्ये कोटा यायचा, आज १० पुरुष १० स्त्रिया, त्यात १८ ते ३५ इतके, ३५ च्या वर इतके, दुचाकीवाले इतके. कोटा भरला की टॅब हिरवा व्हायचा. खरं सांगतो, मी सगळे पुरुष एकाच टपरीवर संपवायचो. सुपरवायझरलाही माहीत होतं. एवढं चालतं का? – पुण्याहून, नाव देऊ नका

उत्तर : मित्रा, नाव देत नाही, आणि तुला बोलायचा मला नैतिक अधिकारही नाही. कॉलेजात असताना मीसुद्धा पुण्यातच एका चहा कंपनीच्या सर्व्हेला गेलो होतो, टॅब नव्हता, पॅड आणि कार्बन पेपर होता. कोटा होता ४० गृहिणींचा, वयाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे वाटलेला. मी काय केलं, तळमजला आणि पहिला मजला एवढंच केलं, दार उघडं असेल तिथेच गेलो, कुत्रं असेल ते घर गाळलं, आणि जायचो दुपारी तीन ते पाच कारण सकाळी कॉलेज. कोटा बिनचूक भरला. वय बरोबर, उत्पन्न बरोबर. रिपोर्टमध्ये असं आलं म्हणे की बायकांचा सगळ्यात आवडता चहा म्हणजे दुपारी चारचा. येणारच ना, चारला घरी असलेल्यांनाच मी विचारलं होतं, आणि निम्म्या घरांत आधण ठेवलेलंच होतं, मलाही मिळायचा. नोकरीवाली एकही बाई माझ्या चाळीसांत नव्हती आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नव्हतं, कारण कोट्यात तो रकानाच नव्हता.

कोटा पद्धतीचं मर्म हेच आहे. वरून ती फार शहाणी दिसते, लोकसंख्येत बाया निम्म्या तर नमुन्यातही निम्म्या, तरुण इतके तर इतके. पण रकान्याच्या आत कुणाला गाठायचं ते तुझ्या पायांवर सोडलेलं असतं, आणि पाय नेहमी जवळच्या, मोकळ्या, हसऱ्या माणसाकडे जातात.

वर ज्या गॅलपचं कौतुक केलं तोही कोट्यावरच काम करायचा. त्याचे नियम बारीक असायचे, सेंट लुईसमधल्या एका मुलाखतकाराला १३ माणसांचा कोटा होता, त्यात ६ उपनगरातले, ७ शहरातले, ७ पुरुष, ६ बायका, पुरुषांत ४० च्या आतले ३ आणि वरचे ४, शिवाय घरभाडं किती भरतात त्याची वेगळी वाटणी. एवढं करूनही १९३६, १९४०, १९४४ तिन्ही वेळा त्याच्या आकड्यात रिपब्लिकन पक्षाला खऱ्यापेक्षा जास्त मतं दिसत होती. कारण साधं, त्याच रकान्यातले रिपब्लिकन जरा बरे राहणारे, फोन असलेले, पत्ता न बदलणारे, मुलाखतकाराला सोपे पडायचे. तिन्ही वेळा रूझवेल्टच मोठ्या फरकाने निवडून आला म्हणून चूक झाकली गेली. १९४८ ला लढत अटीतटीची झाली आणि गॅलप, रोपर, क्रॉस्ले या तिन्ही सर्व्हेवाल्यांनी रिपब्लिकन डेवी जिंकणार म्हणून सांगितलं, प्रचार संपायच्या आधी विचारणं बंद केलं हीपण चूक होतीच, आणि जिंकले डेमोक्रॅट ट्रूमन, ४९.६ विरुद्ध ४५.१. "डेवींनी ट्रूमनना हरवलं" अशा मथळ्याचा शिकागो ट्रिब्यून हातात धरून ट्रूमन हसतायत तो फोटो तू पाहिला असशील. तो फोटो सेंट लुईसच्याच रेल्वे स्टेशनवरचा, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

पुढे परत असं काम मिळालं आणि एजन्सीला खरंच चांगला डेटा हवा असला तर दोन गोष्टी त्यांना सुचव. एक, गल्लीच्या ठरलेल्या टोकापासून उजव्या हाताने चालत दर सातवं घर, कुलूप असेल तर त्याच घरी संध्याकाळी परत. दुसरं, घरात गेल्यावर जो समोर येईल त्याला न विचारता, घरात पुढचा वाढदिवस कुणाचा येतो ते विचारायचं आणि त्याच माणसाशी बोलायचं. पाय दुखतात. एजन्सी नाही म्हणेल, कारण याला तिप्पट वेळ लागतो.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, मूळ बीड जिल्ह्यातली. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर काम करतेय. यांची कुठे धड यादी मिळत नाही, त्यामुळे आमच्या गावच्या मुकादमाकडून पाच जणी गाठल्या, त्यांनी पुढच्या सांगितल्या, अशा ३८ झाल्या. स्नोबॉल म्हणून लिहिलंय. बरोबर आहे ना?

उत्तर : नाव बरोबर आहे. उतारावरून बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होत जातो तसं, एकीने दुसरी दाखवायची, दुसरीने तिसरी. आपल्याकडे बर्फ कुठला, पण नाव पडलंय ते पडलंय. १९६१ मध्ये लिओ गुडमन यांनी याचं गणितही मांडलं. जिथे यादीच नसते, किंवा यादीत असणं कुणालाच नको असतं, तिथे दुसरा रस्ता नसतो, त्यामुळे तुझी पद्धत निवडण्यात काही चूक नाही.

मला काळजी वाटते ती मुकादमाची. तू लिहिलंयस की सुरुवातीच्या पाचही जणी त्याच्याच टोळीतल्या. मग त्यांनी सांगितलेल्याही त्याच कोप्यांवरच्या (तोडीच्या जागच्या झोपड्यांवरच्या), त्याच कारखान्याच्या फडातल्या, बहुतेक एकाच जातीच्या आणि भावकीतल्या असणार. गोळा फिरला, पण एकाच अंगणात फिरला. आणि नुसतं तेवढंच नाही, मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेले असतात, ते फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता त्याच्याकडे बांधलेला, मग "या ताईंशी बोल" म्हणून त्याने जिला पाठवलं ती बाई आजारपणातल्या खाड्याबद्दल, खाड्याच्या दंडाबद्दल, कोपीवरच्या बाळंतपणाबद्दल तुझ्याशी किती मोकळं बोलणार? आणि जिची त्याच्याशी भांडणं झाली, जी आजारपणामुळे या वर्षी गेलीच नाही, ती तर तुझ्यापर्यंत येणारच नाही, आणि तुझा विषय आरोग्य आहे!

म्हणून सुरुवातीची माणसं वेगवेगळ्या दारांतून घे. एक आशाताईकडून, एक साखरशाळेच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या बाईंकडून, एक रेशन दुकानाच्या रांगेतून, एक टायरगाडीवाल्या टोळीतली, एक बैलगाडीवाल्या टोळीतली, आणि एक तरी या हंगामात न गेलेली. प्रत्येकीला सांग की दोनतीनच नावं दे आणि त्यातली एक तरी दुसऱ्या टोळीतली दे. वहीत कुणी कुणाला दाखवलं याच्या रेघा काढत जा, झाडासारख्या, मग शेवटी सगळ्या फांद्या एकाच खोडाच्या आहेत का ते डोळ्यांनाच दिसेल.

याचीच जरा शिस्तीतली पद्धत १९९७ मध्ये डग्लस हेकॅथॉर्न यांनी मांडली, इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं काम करताना. त्यात प्रत्येकाला मोजकी कुपनं देतात, बहुतेकदा तीन, ती तो आपल्या ओळखीत वाटतो, त्यामुळे एकच बडबडा माणूस पन्नास जणांना आणू शकत नाही. आणि प्रत्येकाला विचारून ठेवतात की तुझ्या ओळखीत असे किती लोक आहेत, कारण ज्याची ओळख जास्त तो नमुन्यात यायची शक्यताही जास्त, मग त्याचं वजन नंतर कमी करतात. तुझ्या ३८ जणींसाठी हे सगळं करायची गरज नाही, पण "तुम्ही ऊसतोडीला जाणाऱ्या किती जणींना नावाने ओळखता" हा एक प्रश्न वाढव. आणि टक्केवारी काढू नकोस. ३८ पैकी २१ जणींनी असं सांगितलं, एवढंच लिही, त्यांच्या शब्दांत.

प्रश्न : आमच्या गावची पैसेवारी (नेहमीच्या मानाने पीक किती आलं याचा सरकारी आकडा) ५० च्या वर लागली आणि दुष्काळाच्या सवलती गेल्या. नजर अंदाज म्हणजे नक्की कुणाची नजर? नमुन्याचं शेत कसं निवडायचं याला काही शास्त्र आहे की नाही? – एक शेतकरी, माण तालुका

उत्तर : काका, तुमच्या गावात काय झालं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण शास्त्र आहे, आणि ते लावणाऱ्यांतला एक माणूस तुमच्याच साताऱ्याचा.

नजर अंदाज म्हणजे न कापता बघून काढलेला अंदाज, आणि त्यासारखंच जाणकाराने फिरून "हे शेत गावासारखं आहे" म्हणून निवडायचं, याला सहेतुक नमुना म्हणतात. ऐकायला बरोबर वाटतं, जाणत्या माणसालाच कळणार ना. इटलीत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं होतं. १९२१ च्या जनगणनेचे कागद, नव्या जनगणनेला जागा करायची म्हणून रद्दीत जाणार होते, तर थोडा नमुना ठेवून द्यावा असं ठरलं. जिनी आणि गाल्वानी या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी २१४ विभागांतून २९ असे निवडले की सात महत्त्वाच्या बाबींची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. त्या सात जुळल्या. बाकीचं बघायला गेले तर काहीच्या काही फरक. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत येझी नेमन या संख्याशास्त्रज्ञांनी निबंध वाचून दाखवून दिलं की असं का होतं, आणि तिथून जाणकाराच्या निवडीची जागा चिठ्ठीने घ्यायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला लंडनला नेमन यांच्याकडे शिकत होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. परत आल्यावर त्यांनी हे सगळं पीक कापणी प्रयोगात आणलं. नियम असा की गटनंबर रँडम आकड्यांनी निघतो, शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, आणि तिथून लांबीला किती नि रुंदीला किती जायचं हेसुद्धा रँडम आकडाच सांगतो. तिथे खुंटी, दोरी, आणि दोरीच्या आतलं पीक कापून, मळून, वजन. पीक चांगलं दिसतंय म्हणून दोन पावलं सरकायचं नाही, वाईट दिसतंय म्हणूनही नाही.

सुखात्म्यांनी अजून एक गोष्ट दाखवली, आणि त्यावरून त्यांचा महालनोबिस या दुसऱ्या नामवंत संख्याशास्त्रज्ञांशी मोठा वाद झाला. छोटा तुकडा कापला तर उत्पादन जास्त दिसतं. का, तर दोरीवर आलेलं पिकाचं ताट (धाट) आत धरायचं का बाहेर, हा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्याला आत घेतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर दोरी, दहा बाय पाचच्या तुकड्याला साठ सेंटिमीटर. जेवढी दोरी जास्त तेवढा हाताला वाव. तेव्हा कापणीच्या दिवशी तुम्ही शेतावर हजर राहा, आणि खुंटी कुठे ठोकतायत, पावलं मोजून ठोकतायत का, दोरीवरच्या ताटाचं काय करतायत, एवढं बघा. नजर अंदाजाच्या दिवशी बघण्यासारखं फारसं काही नसतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट. लिफ्ट बदलायची का यावर मत घ्यायचंय, सेक्रेटरींनी लिफ्टमध्येच सह्यांचा कागद लावलाय, आत्तापर्यंत २७ सह्या, सगळ्या "हो". सॅम्पल पुरेसं आहे का? – ठाणे

उत्तर : कागद कुठे लावलाय म्हणालात? लिफ्टमध्ये? तळमजल्याच्या आठ घरांना तो कागद आहे हेच माहीत नसणार, आणि पहिल्या मजल्यावरचे गुडघे धड असलेले लोक जिन्याने जातात. ६४ घरांना सॅम्पल कशाला लागतं हो, एका रविवारी दोघंजण वही घेऊन दारोदार जा. आणि भाडेकरू भेटला तर त्याचं मत वेगळ्या रकान्यात लिहा, लिफ्ट तो वापरतो, वर्गणी मालक भरतो.